ओळीत उगवलेली टणटणी

कुंपणाची झुडपं छाटणारा एक माणूस होता. त्याला सगळे सरळ्या म्हणत. तीस वर्षं त्यानं लोकांच्या घरांपुढची टणटणी कातरली. लाल-पिवळ्या गुच्छांचं हे झुडूप कुंपणात असतं तोवर पाहुण्यासारखं शोभतं. मोकळ्या रानात शिरलं की मालकासारखं वागतं. सरळ्या दोन टोकांना दोरी ताणायचा, एक डोळा मिटायचा आणि मगच कात्री उघडायचा. त्याच्यासारखी सरळ ओळ दुसऱ्या कुणाला येत नाही, असं तोच सांगत फिरे, आणि ते खरंही होतं.

त्याची थोरली बहीण वस्तीबाहेरच्या उतारावर बकऱ्या पाळायची. एका सकाळी तिनं त्याला बोलावून घेतलं. उतारावर टणटणी माजली होती. बकऱ्या तिला तोंड लावत नव्हत्या आणि तिच्याखाली गवत उरत नव्हतं.

"हे त्या मधवाल्याचं काम," ताई म्हणाली. शेजारच्या तुकड्यात मधवाल्याच्या पेट्या होत्या. "फुलं कुणाला हवीत? मला?"

"पक्ष्यांनी बी टाकलं असेल, ताई."

"नीट बघ की."

सरळ्यानं एक डोळा मिटला. बारकी रोपं कुठंही उगवली होती, पण जुनी झुडपं ओळीत होती. वरपासून खालपर्यंत, दर पाच पावलांवर एक. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"पक्षी दोरी लावून शिटत नाहीत," तो सावकाश म्हणाला. "हे माणसाचं काम आहे. आणि हात सराईत आहे."

पलीकडे मधवाला जाळीची टोपी घालून पेट्यांवर वाकला होता.

"तोंड झाकून कोण फिरतं?" ताईनं विचारलं.

"ज्याला माशा चावतात तो."

"आणि ज्याला लपायचं असतं तो."

ताईचा अर्ज लिहून तयार होता. तो कचेरीत गेला की मधवाल्याला पेट्या उचलाव्या लागणार होत्या. "दुपारी देऊन येऊ. तू साक्षीला चल," असं म्हणून ती घरात गेली.

पुरावा हवा म्हणून सरळ्यानं ओळीतलं एक झुडूप खणून काढलं. मुळांच्या गुंत्यात मधोमध एका काठीचं टोक निघालं, तीन बाजूंनी तासलेलं. तीनच छाट, तिरपे, स्वच्छ. अशी खुंटी तासणारा माणूस त्यानं आयुष्यात एकच पाहिला होता.

दोन वर्षांपूर्वी चराईसाठी उताराचे भाग पाडायला सरळ्या स्वतःच आला होता. सुक्या काठ्या शोधायचा कंटाळा आला म्हणून त्याच दिवशी छाटलेल्या कुंपणातल्या टणटणीच्या हिरव्या काठ्या त्यानं ठोकल्या. काम झाल्यावर दोरी गुंडाळून घेतली. खुंट्या राहू दिल्या. वाळून जातील, म्हणाला होता; त्यांनी मूळ धरलं होतं.

काठी पिशवीत टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. तसं त्याच्या मनात आलंही, खोटं कशाला सांगू. पण मग उठला, घरात गेला आणि काठी अर्जावर ठेवली.

ताईनं ती फिरवून पाहिली. भावाच्या हातची तासणी तिला ओळखू आली.

"म्हणजे माझ्या बकऱ्यांचं गवत तू खाल्लंस."

"हो."

"आणि वर म्हणतोस, हात सराईत आहे."

"तो आहेच," सरळ्या म्हणाला आणि खाली बघू लागला.

"दोन महिने मी त्या मधवाल्याशी बोलले नाही. जा, तूच सांग त्याला."

मधवाल्यानं दार अर्धंच उघडलं. सगळं ऐकून घेतलं.

"हे सांगायला तिनं तुला पाठवलं? उद्या आणखी काही उगवलं तर पुन्हा माझंच नाव?" एवढं बोलून त्यानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून सरळ्या कुदळ घेऊन उतारावर जाऊ लागला. अर्धी ओळ निघाली त्या सकाळी ताई स्वतः मधवाल्याकडे गेली. दार तेवढंच उघडलं. ती सरळ उंबऱ्यात बसली.

"तुम्ही ऐकेपर्यंत उठत नाही."

"बकऱ्या कुणावर सोडल्यात?"

"सरळ्यावर."

मधवाल्यानं उताराकडे एकवार पाहिलं. "मग लवकर सांगा, ताई," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.