खांद्याची बातमी

मी मुळातच संशयी. वेगवान गोलंदाजाला ते चालून जातं; बॅट्समनच्या पायांवर विश्वास ठेवला की मार खाल्लाच म्हणून समजा. पण हीच खोड मैदानाबाहेरही लागली आणि माझा सख्ख्या भावासारखा मित्र गमावून बसलो.

राज्याच्या संघातला तो माझा शेवटचा मोसम. खांदा दुखत होता आणि ते फक्त या मित्राला, माझ्या रूम पार्टनरला, माहीत होतं. आम्ही दोघंही जालना जिल्ह्यातले. तोच दार लावून मला बर्फ लावायचा. आठवड्याभरात खांद्याचं पेपरात छापून आलं, मला संघाबाहेर बसवलं ते कायमचं. "म्या कुणालाच सांगितलं न्हाई रे," तो परत परत म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्याच्या लग्नालाही मी गेलो नाही.

पुढे टीव्हीवर समालोचन करू लागलो. मागच्या हिवाळ्यात एका सामन्यात सीमारेषेवर क्षेत्ररक्षण करणारा एक गोलंदाज अडवलेला प्रत्येक चेंडू हात वर न नेता खालून फेकताना दिसला. मी माइकवर बोलून गेलो, "याचा खांदा गेलाय. लपवतोय."

संध्याकाळी त्या गोलंदाजाचा फोन. "सर, माझ्या रूम पार्टनरनंच सांगितलं ना तुम्हाला?"

"कुणीच नाही. मला दिसलं."

"राहू द्या सर," म्हणाला आणि फोन ठेवला.

शेवटच्या मोसमात मीही क्षेत्ररक्षण करताना सगळे चेंडू खालूनच फेकत होतो. पेपरवाल्यांनाही डोळे असतात, हे इतक्या वर्षांत माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जालन्याला घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी मित्राचं गाव, कुंभार पिंपळगाव गाठलं. तो मोसंबीच्या बागेत ठिबकची नळी जोडत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं नळी खाली ठेवली आणि माझ्या खिशाकडे पाहिलं.

"चॅनलसाठी रेकॉर्ड करून राह्यला का?"

"न्हाई रे, आईशपथ."

"आधी मोबाईल गाडीत ठिवून ये. मंग बोलू."

मी गाडीपर्यंत गेलो, मोबाईल ठेवला, परत आलो. तरी त्यानं माझे दोन्ही खिसे चाचपले. मी हात वर करून उभा राहिलो.