सासऱ्यांच्या कमरेचे सात चाकू

माझे सासरे अंगणातून चालत आले की भांड्यांच्या दुकानाला पाय फुटल्यासारखं वाटायचं. कमरेला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला सात चाकू. त्यातला एक तर इतका जाड की नुसता दाखवला तरी नारळाचं झाड आपणहून आडवं झालं असतं. आमच्या लग्नातही नव्या कोटाच्या आत तो पट्टा होताच. मंगलाष्टकं चालू असताना भटजी श्वास घ्यायला थांबले, नेमका तेव्हा तो खणखणला आणि आमच्याकडचं अर्धं वऱ्हाड मांडवाच्या टोकापर्यंत मागे सरकलं. माझा थोरला भाऊ कानात म्हणाला, "हार घाल लवकर. विचार करत बसू नकोस."

मी भिवंडीत लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, जॉबर होतो. जॉबर म्हणजे बंद पडलेल्या लूमच्या पोटात डोकं घालून त्याला पुन्हा बोलतं करणारा माणूस. शुक्रवारी लाइट बंद, म्हणून लूम बंद. ज्याने भिवंडीचा शुक्रवार ऐकला नाही, त्याला शांतता म्हणजे काय ते माहीत नाही. सहा दिवस खटखट अशी की लोक झोपेतसुद्धा ओरडून बोलायचे, आणि सातव्या दिवशी सगळं गाव एकदम मुकं. मग कानात जे उरतं ते आपल्या डोक्यातलं की बाहेरचं, हे मला आजही सांगता येणार नाही. म्हणून शुक्रवारी मी शहरात थांबत नसे. बायकोला घेऊन रिक्षाने थेट अंजूरला, सासुरवाडीला. दुपारी सासरे होडी काढायचे, मी त्यांच्यासोबत ओझं म्हणून बसायचो, आणि संध्याकाळी मासे चापून परत यायचं.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एका शुक्रवारी सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं. त्यांना मी मामी म्हणायचो, सासऱ्यांना मामा. मामी मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जावय, ह्यो मानूस पान्यात परला तर वर येयाचा न्हाय. एवढं लोखंड बांधून कोन पवलाय?"

मामांना एक धाकटा भाऊ होता आणि तो खाडीत गेला, एवढंच मला बायकोकडून माहीत होतं. कसा गेला ते मामींनी त्या दिवशी सांगितलं. दोघे भाऊ होडी घेऊन खालच्या वळणावर गेले होते. धाकट्याने नांगर टाकला आणि सुटत्या दोराचा वेढा त्याच्या घोट्याला बसला. दोराबरोबर तोही गेला. होडीत सुरी एकच, ती त्याच्याच हातात होती, आणि जाता जाता तीही पाण्यात सुटली. मामांनी त्याचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. पण दोर कापायला मामांकडे काही नव्हतं. ओसरतं पाणी आणि खालचा नांगर, दोघांनी मिळून त्याला मामांच्या मुठीतून ओढून नेलं. बुडालेलं माणूस तिसऱ्या दिवशी वर येतं, असं खाडीकाठचं पोरही सांगेल. हा आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, कधीच नाही.

तेव्हापासून मामा सात चाकू बांधून पाण्यावर जायचे. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा खाडीत पडायचा, की लगेच पडघ्याच्या बाजारातून नवा यायचा. सात म्हणजे सात.

"एकच सुरी आन," मामी म्हणाल्या. "हलकी. परली तरी बुराची न्हाय अशी. मंग मी हट करीन, ते सगलं लोखंड उतरव म्हून." हात माशाचे होते, म्हणून त्यांनी डोळे दंडाला पुसले.

आता तरंगणारा चाकू ही काय मंडईत जुडीने मिळणारी वस्तू आहे? भिवंडीतली हार्डवेअरची दुकानं मी इतकी पालथी घातली की मला येताना बघून दोघांनी शटर ओढलं. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे ठाण मांडलं. कोकणी मुसलमान, पिढ्यान्पिढ्या लोखंडात मुरलेले, सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. मी त्यांच्याकडे पाण्याची बादली मागितली आणि एकेक चाकू तिच्यात सोडायला लागलो. लाकडी मुठीचा बुडाला. प्लास्टिकच्या मुठीचा बुडाला. हाडाच्या मुठीचा तर बादलीचा तळ फोडायला निघाला होता. रस्त्यावर गर्दी जमली, सायकली थांबल्या.

"मिस्त्री, चाकू घेतोस की त्यांना आंघोळ घालतोस?" चाचांनी विचारलं.

मी काम सांगितलं. सासरे, खाडी, दोर. चाचांचा चेहरा बदलला. त्यांचा एक पुतण्या बोटीवर होता. चार दिवसांनी त्यांनी त्याच्या पेटीतला परदेशी चाकू आणून ठेवला, पिवळ्या मुठीचा, मुठीत बूच भरलेलं. बादलीत टाकला तर बदकासारखा तरंगला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. मी मात्र खिशातून नायलॉनच्या ओल्या दोराचा तुकडा काढला आणि त्याच्यावर तो चालवला. पातं नुसतं इकडून तिकडे घसरत राहिलं.

"सफरचंदाला ठीक आहे," मी म्हणालो. "दोर काय म्हणेल?"

"दोर हसेल," चाचा म्हणाले. "तूच बनव बेटा. दुकानात जान वाचवायचं सामान नसतं."

मग बनवला. महिनाभर दुसरं काही सुचलं नाही. खरं तर हिशेब सोपा होता: लोखंड कमी, मूठ जास्त. पातं वीतभराहून आखूड आणि पातळ, हॅक्सॉच्या ब्लेडचं, घासून काढलेलं. अर्ध्या धारेला करवतीचे दाते, कारण ओला नायलॉन गुळगुळीत धारेला दाद देत नाही. टोक बोथट, कारण हलत्या होडीत अणकुचीदार चाकू आधी आपल्याच मांडीत घुसतो. मुठीला पांगाऱ्याचं लाकूड, जाळ्याचे तरंगते ठोकळे ज्याचे करतात ते. इतकं हलकं की रंधा मारताना भुसा खाली पडायच्या ऐवजी वर जायचा आणि मला तो छतावरून झाडावा लागायचा. वरून मोटारीला लावतात तो पिवळा रंग, तीन हात, गढूळ पाण्यात लांबून दिसावा म्हणून.

कारखान्यामागच्या हौदात सोडला तर तो आडवा झाला नाही. उभा राहिला. पातं खाली, मूठ वर, गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून कुणी माणूस आपल्याकडे बघत असावा तसा. मला ते फारसं आवडलं नाही. पण तरंगत होता. चाळीस वेळा तळाशी दाबला, चाळीस वेळा वर आला. दगड बांधून दिवसभर बुडवून ठेवला आणि दगड सोडला, तर हाताला धक्का देऊन वर उसळला.

पुढच्या शुक्रवारी मामींनी तो मामांच्या पुढ्यात ठेवला. मामांनी तळहातावर तोलला, उलटापालटा केला. "खेलना हाय काय?" म्हणाले. मामींनी हट्ट सुरू केला, मी चाकूचे गुण गायले, बायको रडायच्या बेताला आली. मामा एवढंच म्हणाले, आधी पाण्यात बघू. आणि सातही चाकू बांधून उठले.

भर दुपारी आम्ही खालच्या वळणावर पोचलो. ओहोटी संपली होती, भरती अजून लागायची होती, पाणी जागच्या जागी थांबलेलं. काठच्या तिवराच्या झाडांची सावली त्याच्यावर चिकटवल्यासारखी. इतर दिवशी वारा असला की लूमची घरघर इथवर येते, असं मामा सांगायचे. आज शुक्रवार. एकही बगळा नाही. मी खोकलो, तर खोकला समोरच्या काठावर जाऊन परत आला, आणि तो माझा वाटला नाही.

मामांनी नांगर टाकला. दोर ताणला गेला. मग त्यांनी पट्ट्यातला पडघ्याचा नवाकोरा चाकू उपसला, पात्याने होडीच्या काठावर तीनदा ठकठक केलं, वाकले, आणि पाण्यावर मूठ उघडली.

ती ठकठक मी दोन वर्षं ऐकत होतो. पातं झटकतात असं समजायचो. घरातले सगळे समजायचे की म्हातारपणी हातातून वस्तू निसटतात.

"मामा," मी म्हणालो, "तो पडला नाही. तुम्ही सोडलात."

"त्याला दिला," मामा म्हणाले. "दोर हाय ना त्याच्या पायान. सुरी सुटली त्याची. मी वरून देताव. एक तरी कवा हाताला लागंल."

ते हे सांगत होते ते अगदी साध्या आवाजात, शेतावर कुणाला भाकरी पोचवावी तसं. मी होडीच्या काठावरचा हात आत घेतला. खाली गाळात किती चाकू उभे असतील, आणि त्यांच्यामध्ये कोण चाचपडत असेल, हे मनात आलं आणि टळटळीत उन्हात अंगावर काटा आला. मामींचा हट्ट, माझा महिना, सगळं फुकट होतं. खालचा माणूस मोकळा होईपर्यंत वरचा माणूस हलका होणार नव्हता. आणि त्याआधी एखाद्या दिवशी पाय घसरला, की सातही चाकू मामांना घेऊन थेट भावापाशी पोचवणार होते.

मामा माझ्या पिवळ्या चाकूकडे बघत होते. "ही दे," म्हणाले.

मी समजावलं, की मामा, हा खाली जाणारच नाही, न जाण्यासाठीच तर केलाय.

"म्हून तर दे. लोखंड सरल गालान जातं. आंधल्या पान्यात त्याला दिसत नसंल. ही पिवली हाय."

मी चाकू हातात दिला नाही. आमच्याकडे पातं या हातातून त्या हातात देत नाहीत. फळीवर ठेवला, त्यांनी उचलला. तीनदा ठकठक. मूठ उघडली.

चाकू डुबकला, वर आला, आणि उभा राहिला. होडीपासून हातभर. पाण्याला ओढ नव्हती, वारा नव्हता. तरी थोड्या वेळाने तो फिरला. आधी स्वतःभोवती, मग हळूहळू होडीच्या नाकाकडे, जिथून नांगराचा दोर पाण्यात उतरत होता तिकडे. दोरापाशी जाऊन थांबला. कुणाच्या दाराशी उभं राहून कडी वाजवावी की नाही असा विचार करत असल्यासारखा.

मी तो काढायला वाकलो. मामांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीचे वळ आठ दिवस राहिले होते.

"र्‍हाऊ दे," म्हणाले.

आणि चाकू खाली गेला. पडल्यासारखा नाही. मुठीचं पिवळं टोक सरळ, न हलता, बेतानं आत शिरलं. खालून कुणी दोन बोटांत पकडून नेल्यासारखं. पाण्यावर तरंग उठला नाही, बुडबुडा आला नाही. मी मोजायला लागलो. जॉबरला मोजायची सवय असते. शंभर झाले, दोनशे झाले. माशाने ओढला असेल, मी स्वतःला सांगितलं. पाणी फिरतं तेव्हा भोवरा धरतो, तसं असेल. तीनशे झाले. पांगारा वर आला नाही.

मग समोरचं तिवर सरकायला लागलं. ते नाही, आम्ही सरकत होतो. होडीचं नाक सावकाश वळत होतं. मामांनी नांगराच्या दोराला हात घातला. दोर सैल होता. त्यांनी ओढला, आणि तो नुसताच येत गेला, वजनाशिवाय, हातामागून हात. शेवटी टोक होडीत आलं.

कुजलेला दोर तुटतो तेव्हा त्याचे पेड लहानमोठे, लोंबते निघतात. दगडावर घासून तुटला तर टोक पिंजतं. हे टोक सपाट होतं, कडेला बारीक मिशा फुटलेल्या. करवतीच्या दात्यांनी नायलॉन कापला की असंच होतं. असे तुकडे महिनाभर माझ्या कामाच्या टेबलाखाली कचऱ्यासारखे पडलेले होते.

मामांनी ते टोक डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याने चाचपलं.

"मोकला झाला," ते म्हणाले.

पट्ट्याचं बक्कल गंजून बसलं होतं. त्यांना दोन्ही हातांनी झटावं लागलं. उरलेले सहा चाकू होडीच्या तळाशी ठेवले, आणि पायाने माझ्याकडे सरकवले, जणू आता ते माझं सामान. पट्ट्याशिवाय मामा कमरेत केवढेसे होते ते मी प्रथमच पाहिलं.

तोवर भरती लागली होती. वल्ही त्यांनी उचललीच नाहीत. नांगर नसलेली होडी पाणी नेईल तशी गावाच्या दिशेने वर निघाली. मामा काठाला टेकले आणि त्यांनी उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात सोडला, तळवा उघडा, बोटं पसरलेली. गावचा धक्का येऊन होडी लागेपर्यंत तो हात तसाच होता. मी होडीच्या बरोबर मधोमध बसलो होतो, माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून.