मुळाशी आमची वाडी

आमचे आप्पा, म्हणजे भागोजी गुरव, देवळात कौल लावायचे. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हरवलेल्या गुरांपासून अडलेल्या सोयरिकींपर्यंत लोकांचा निकाल ते एका बैठकीत लावत. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र त्यांनी जो घोळ घातला, त्याचा मला अजून राग येतो.

महिपत, माझा भाऊ, लाँचवर खलाशी होता. सत्त्याऐंशीच्या शिमग्याला तो जयगडला उतरला आणि घरी पोचलाच नाही. त्याची बायको गंगावहिनी रोज कुंकू लावताना थबकायची. लावू की नको, एवढंच तिला कळायला हवं होतं. आप्पा दर सोमवारी कौल लावत, पण एकाच गावाचा. दाभोळला आहे का? नाही. पुढच्या सोमवारी अंजनवेल. महिपत नाट्याला दिसला असं कुणी म्हणालं, की नाटे रांगेच्या शेवटी. मारुतीचं शेपूट नुसतं.

मी तेव्हा रत्नागिरीला कॉम्प्युटर शिकत होते. तिथे नावं चटकन सापडावीत म्हणून ती झाडासारखी मांडत; त्या झाडाचं मूळ वर आणि फांद्या खाली, सगळा उलटा कारभार. किनाऱ्याची गावं मांडायची तर प्रत्येक गावाच्या उत्तरेची गावं त्याच्या डावीकडे लटकवायची, दक्षिणेची उजवीकडे. ओळीने नावं घालत गेलं तर झाड कसलं, एकच लांब वेल होतो आणि शोधणारा शेवटपर्यंत फरफटतो. पण हे झाड स्वतःला सावरणारं होतं. एक बाजू जड झाली की ते फिरायचं, मधलं नाव मुळाशी चढायचं, बाकीची दोन्हीकडे वाटली जायची. एकही नाव गळत नसे, क्रमही मोडत नसे. मुळाच्या गावापासून उत्तरेला की दक्षिणेला, एवढं विचारलं की एका प्रश्नात अर्धा किनारा बाद.

आप्पांची गावं मी त्यात घातली, आमची वाडीही धरून. मुळाशी आमचीच वाडी आली. मला हसू आलं. मग उत्तरेकडच्या अफवांची गावं घातली, तेव्हा वाडी खाली गेली. दक्षिणेकडची घातली, झाड पुन्हा फिरलं आणि वाडी परत मुळाशी येऊन बसली. त्यानंतर मला त्या कॉम्प्युटरच्या खोलीत एकटीला बसवेना.

सोमवारी गावी येऊन देवळात मी आप्पांना म्हटलं, "शेपटाकडून नको, मधून विचारा. पहिला प्रश्न आपल्या वाडीचा."

"ऱ्हाऊ दे बाय," आप्पा म्हणाले. "असाच इचारतो. तवर तो कुठंतरी चालतो हाय ना."

त्यांनी पाषाणावर पाणी ओतलं, कळ्या लावल्या. पाणी ओढ्यावरचं होतं. देवळामागेच विहीर, घरात आम्ही तिचंच पाणी पीत होतो, पण आप्पा देवासाठी पार ओढ्यापर्यंत उतरत. विहीर गढूळ झाली म्हणत. म्हातारपणाचा हट्ट, असं मी समजत होते.

तेवढ्यात गंगावहिनी विहिरीवरून कळशी भरून आली आणि पायरीशी उभी राहिली. "इचारा आप्पा," ती म्हणाली.

आप्पा कळ्यांकडे बघत बसले. त्यांचा प्रश्न नाही, देवाला गाऱ्हाणं नाही; देवापुढे निघालेला प्रश्न एकच, माझा, वाडीचा. कळ्या अजून ओल्याच होत्या, वारा नव्हता. तरी उजवी कळी सुटली आणि पाषाणावरून घसरत खाली आली.

वहिनीने कडेवरची कळशी हळूच पायरीवर ठेवली.

"आप्पा, देवाला ओढ्याचं पानी कवापासून लागतं?"

आप्पांनी पडलेली कळी मुठीत झाकली. सकाळचा चहा आम्ही दोघींनी त्या विहिरीच्या पाण्याचा घेतला होता. आप्पांनी महिपतच्या त्या शिमग्यापासून घरचा चहा सोडला होता.