होईन मिस्त्रींची केबिन

अकोल्यात आमच्या शाळेमागे राहणाऱ्या रहीम मिस्त्रींना "येत नाही" हे दोन शब्द येत नव्हते. पाळणा, टांग्याचं चाक, कुणाचा लाकडी पाय, काहीही सांगा, तंबाखू चोळता चोळता ते म्हणत, "होईन." वऱ्हाडात 'होईल'ला 'होईन' म्हणतात. पुण्याहून नवे आलेले आमचे हेडमास्तर पुस्तकांच्या कपाटाचं विचारायला गेले, तेव्हाही मिस्त्री "होईन" म्हणाले. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे गृहस्थ स्वतः कपाट होणार आहेत का?" तेव्हापासून त्यांचं नाव होईन मिस्त्री पडलं. कपाट उत्तम झालं. दार उघडायला दोन शिपाई लागत, एवढंच.

मी त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. मिस्त्रींना मी नकाशे काढून देत असे. ते नकाशाची घडी करून टोपीत ठेवत आणि काम आपल्या मनानं करत. "मास्तर, तुमचं चित्र चांगलं हाये," ते समजावत, "पन लाकडाले वाचता येत नाई ना."

एका पावसाळ्याच्या तोंडाशी पूर्णेकाठची गिरजाबाई त्यांच्या अंगणात येऊन बसली. तिचा नवरा सुखदेव भोई डोहात मासे धरी. आदल्या वर्षी भिजून भिजून त्याच्या छातीनं दगा दिला होता. वैद्यानं पाण्यावर जाऊ नको म्हणून बजावलं होतं.

"चाचा, मानूस आयकत नाई," ती म्हणाली. "नाव सोडून घरी बसनं त्याले जमत नाई. नावंवर काही आडोसा होईन का?"

"होईन," मिस्त्री म्हणाले. "काहून नाई होनार?"

त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि नावेत कधी पाय ठेवला नव्हता. डेप्युटी कमिशनरसाहेबांच्या बंगल्यावरून वाचून झालेली विलायती साप्ताहिकं आमच्या शाळेत येत. त्यातलं मासेमारी बोटीचं एक चित्र मी दाखवलं. सुकाणू धरणारा माणूस काचेच्या खोलीत ऐटीत उभा होता. मिस्त्रींनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि मग ते थेट स्टेशनवर गेले. रुळांचे सांधे बदलणारा माणूस ज्या केबिनीत उभा राहतो, ती त्यांनी खालून, वरून आणि शेवटी टीसीनं हाकलेपर्यंत आतून पाहिली. "अशीच पाहिजे," परत येऊन ते म्हणाले.

महिनाभरात केबिन उभी राहिली. मेळघाटचं सागवान, पितळी बिजागऱ्या, तीन बाजूंना खिडक्या, त्यातल्या एकीला निळी काच. दाराला आतून कडी. "नावेत चोर कुठून येणार?" मी विचारलं. "मास्तर, घर म्हनलं का कडी आली," ते म्हणाले. बैलगाडीत घालून ती पूर्णेवर नेली, तेव्हा वाटेत दोन ठिकाणी लोकांनी कोणत्या देवाची पालखी म्हणून हात जोडले.

केबिन नावेवर बसवल्यावर पहिला मान मिस्त्रींनी स्वतःकडे घेतला. आत शिरून त्यांनी कडी लावली. सुखदेव मागं वल्हं धरून बसला. नाव काठापासून दहा हात गेली असेल. काठावर सारा गाव जमलेला पाहून मिस्त्रींनी निळ्या काचेची खिडकी उघडली आणि हात हलवायला बाहेर वाकले. नाव तेवढंच निमित्त शोधत होती. ती शांतपणे आडवी झाली.

पाणी छातीइतकंच होतं, पण केबिन पाण्याखाली गेली आणि कडी अडकली. सुखदेवानं दुसऱ्या बाजूच्या खिडकीची चौकट लाथेनं फोडली आणि मिस्त्रींना काखेत धरून ओढून काढलं. मिस्त्री खोकत काठावर बसले. सुखदेवही खोकत होता. मिस्त्रींचा खोकला संध्याकाळपर्यंत थांबला, सुखदेवाचा थांबला नाही. त्याला ताप भरला.

मिस्त्री अकोल्याला परतले नाहीत. आठ दिवस भोयाच्या ओसरीवर बसून राहिले. तंबाखूही काढली नाही. शाळेला सुट्टी पडल्यावर मी गेलो, तेव्हा ताप उतरला होता आणि गिरजाबाई पेज ढवळत होती. मिस्त्री तिला म्हणाले, "बाई, मले हे येत नाई. तू सांग, कसं पाहिजे."

मी खाली पाहत राहिलो. कुणाचं उघडं अंग चुकून दिसावं तसं मला झालं.

गिरजाबाईनं डाव ठेवला आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं. "त्याले उभं काहून करता? तो बसून वल्हवते. वारा मांगून येते, त मांगून झाका. पुढून जाळं टाकाले मोकळं ठेवा. आन् दार नोका ठेवू." मग जरा थांबून म्हणाली, "मले पयल्याच दिवशी इचारलं असतं त तवाच सांगितलं असतं."

दुसरा आडोसा बांबूच्या कामट्यांचा झाला. दमणीवर, म्हणजे माणसं बसायच्या छोट्या बैलगाडीवर, घालतात तसा तट्ट्या, वर मेणकापड, बसल्या माणसाच्या डोक्याला लागणार नाही इतपत उंची. एका माणसाला डोक्यावरून नेता येईल एवढाच. नाव सोडण्याआधी मिस्त्रींनी गिरजाबाईला आत बसवलं आणि आपण काठावर उभे राहिले. त्या पावसाळ्यात, आणि पुढच्या कितीतरी पावसाळ्यांत, सुखदेव त्यात बसून डोहावर गेला. सागवानी केबिन फुटक्या खिडकीसकट गिरजाबाईच्या कोंबड्यांना मिळाली. निळी काच मात्र मिस्त्रींनी काढून नेली.

पुढं माझी बदली अमरावतीला झाली. सुट्टीत अकोल्याला गेलो की मिस्त्रींकडे जायचोच. शेवटी शेवटी ते अंथरुणावर होते. दर आठवड्याला सुखदेव चालत येऊन त्यांच्यासाठी मरळ मासा आणायचा आणि मिस्त्री त्याच्याशी काट्यांवरून भांडायचे.

एकदा मी पोचलो, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मिस्त्री पहाटेच गेले होते. सुखदेव मासा घेऊन माझ्याआधी आला होता. जनाज्याला त्यानं खांदा दिला, मी दिला. परत आल्यावर त्यानं माशाची पिशवी शेजारणीच्या हाती ठेवली. सुतकाच्या घरात चूल पेटत नव्हती. तिनं कालवण करून आणलं आणि सगळ्यांपुढे वाडगी ठेवली. माझ्यापुढेही ठेवलं. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासळीला शिवलं नव्हतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी जेवलो. काटे काढून द्यायला सुखदेव शेजारी बसला होता.