आमच्या साडभाऊंची उत्क्रांती

जगात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण कुठलंही कारण शेवटी माकडापाशी नेऊन पोचवणारा माणूस आमच्या साऱ्या गोतावळ्यात एकच. ते म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्यानं माझे साडू आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे साडभाऊ. वरवट बकालला त्यांचं घर आणि शेत. एका कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर वर्ग हातचा गेला म्हणून उरलेल्या जगाला शिकवायला घेतलं. एसटीत शेजारी बसलेला प्रवासी, दाढी करणारा न्हावी, पंगतीत वाढणारी पोरं, कुणाचीही सुटका नसे. नांदुऱ्याला आमच्याकडे आले की चपला काढता काढताच पाठ सुरू व्हायचा. बायकोनं दारातलं मांजर हाकललं तर, "हाकलू नको वं त्याले, वाघाचं गरीब नातलग हाय ते." माझी अक्कलदाढ ठणकत होती, मी गालाला हात लावून दाताच्या डॉक्टरचा पत्ता विचारत होतो, आणि हे शांतपणे सांगत होते, "माणसाचा जबडा लहान होत गेला साडभाऊ, पण दाढेले खबर कोणी देल्लीच नाही."

धाड गावी आमच्या पुतण्याचं लग्न होतं. शिकलेला माणूस म्हणून कुणीतरी यांच्या हाती माइक दिला आणि वधूवरांसाठी दोन शब्द बोलायला सांगितलं. साडभाऊंनी नवरदेवाकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "मोराले एवढा पिसारा घेऊन धड पळता येत नाही, उडता येत नाही. तरी तो बाळगते. काऊन? तर लांडोर पाहून राह्यली म्हणून. हा फेटा, ही घोडी, हा डीजे, हा सगळा पिसाराच होय!" मांडव हसला. नवरीनं पदर तोंडाला लावला. तिच्या वडिलांचा चेहरा मात्र असा झाला, की जणू आपण मुलगी नाही, लांडोर दिली. नवरदेवानं हळूच फेटा काढून मांडीवर ठेवला. साडभाऊ बसले आणि मला म्हणाले, "पाहा, पटलं त्याले."

शेतातही हाच प्रकार. बीटी कपाशीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीच्या बियाण्याची एक पुडी यायची. सगळं गाव ती बांधावर फेकून द्यायचं. आमचे साडभाऊ मात्र शेताच्या कडेनं तिच्या ओळी निगुतीनं लावायचे. तिथं बोंडअळी मजेत नांदायची. गावानं नाव पाडलं, 'अळ्या पोसणारा मास्तर.' ते चिडत नसत. "साऱ्या अळ्या मारल्या तर उरते कोण? ज्या औषधाले पुरून उरल्या त्या पहिलवान. मंग पुढची सारी औलाद पहिलवानायची. थोड्या नरम अळ्या राहू द्या, त्यायची पहिलवानायसंग सोयरीक होऊ द्या, म्हंजे तो जोर पातळ होते." आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, ओट्यावर तूर निवडता निवडता म्हणायच्या, "अजी, अळ्यायच्या सोयरिकी जमल्या असतीन तर आता पोरीचीबी पाहा."

एवढ्या मोठ्या ज्ञानाला एक भोक होतं, आणि ते डाव्या गालाच्या आत होतं. तिथं चुना मळलेल्या तंबाखूची चिमूट कायमची मुक्कामाला असायची. तंबाखूचे दुष्परिणाम हा धडा ते अत्यंत तळमळीनं शिकवत आणि मध्येच खिडकीशी जाऊन थुंकून येत. ताई भांडल्या, पोरीनं अबोला धरला. यांचं उत्तर ठरलेलं, "कोणीतरी सोतावर प्रयोग केल्याबिगर शास्त्र पुढं कसं जाईन?"

एका सोमवारी मी पोस्टात कामावर जायला निघालो होतो, तर साडभाऊ दारात. चपला काढल्या, आत आले आणि काहीच बोलले नाहीत. मांजर समोरून गेलं, तरी नाही. खुर्ची उजेडाकडे ओढून घेत म्हणाले, "साडभाऊ, मोबाइलची बत्ती लावा जरा." त्यांनी आ केला. गालाच्या आत पांढुरका चट्टा होता आणि त्याच्या मधोमध एक लालभडक जखम.

"कड कशी हाय? सपाट का उचललेली?"

"उचललेली," मी म्हणालो.

"दुखत नाही, अन् भरतबी नाही." त्यांनी तोंड मिटलं. "तुमच्या बाईसाहेबाले सांगू नका, ते आपल्या बहिणीले सांगन."

बाईसाहेब चहा घेऊन मागेच उभी होती. अर्ध्या तासात वरवटला बातमी पोचली, आणि दुसऱ्या दिवशी ताईंसकट आम्ही तिघं अकोल्याला.

तिथल्या दवाखान्यात एका सर्जन बाईंनी जखमेचा तुकडा तपासायला घेतला. पुढच्या खेपेला त्यांनी शांतपणे सांगितलं, की हा कॅन्सरच आहे, पण लहान आहे, वेळेत आलात, लवकर काढून टाकू. ताईंनी माझा हात घट्ट धरला.  आणि साडभाऊ बाहेरच्या बाकावर बसून सगळ्या रांगेला शिकवायला लागले.

"हे पाहा, अंगातली हरेक पेशी शिस्तीत राहते. थांब म्हटलं का थांबते, मर म्हटलं का मरते. एखादीत बिघाड होते. तिच्या पोटी ज्या येते, त्यायच्यात अजून वेगळे बिघाड. बहुतेक मरून जाते. पण एखादीले तो बिघाड मानवते, मंग तिचीच औलाद वाढते. रानात लाखो वर्सांत जे झालं, ते माह्या गालात दहा-वीस वर्सांत होऊन राह्यलं." समोरचा एक म्हातारा शेतकरी सरकून जवळ आला. साडभाऊंना हुरूप चढला. "अन् खाणं पाहा तिचं! चांगली पेशी साखर पुरी जाळते, थोडक्यात भागवते. हे बिघडलेली अर्धवट जाळते, हवा भरपूर असली तरीबी. म्हणून तिले साखर लागते ढीगभर. पण त्याच्यातूनच नव्या पेशी बांधाले माल भेटते तिले. अन् वरून आम्ल सोडते. जीव तोडून पळताना पोटऱ्यायत आग होते ना, तवा तयार होते तसलं. त्यानं शेजारच्या भल्या पेशी मरते, मधातला पडदा ढिला होते, अन् हे तथून आत घुसते."

"मंग मास्तर, इलाज काय त्याचा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"इलाज म्हंजे..." साडभाऊ म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला. मग त्यांनी पाणी मागितलं.

ऑपरेशनला थोडा अवधी होता. त्या अवधीत त्यांनी तंबाखू सोडली. खिशातली डबी काढली, उकिरड्यावर टाकली, आणि त्यात काय विशेष असं तोंड करून घरात आले. आम्हांला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण आठवड्यानं ताईंचा फोन आला. आवाज रडवेला. "भाऊजी, या जरा इकडे. यायनं जेवण सोडलं."

मी वरवटला गेलो, तर साडभाऊ पडवीत बाजेवर भिंतीला टेकून बसलेले. सदरा खांद्यावर नाही, खुंटीवर लटकावा तसा दिसत होता. भाकरी बंद, भात बंद, गूळ बंद, केळं बंद, चहा काळा आणि कडू. दिवसाकाठी दोन अंडी आणि वाटीभर पालक. डोळे मात्र चमकत होते.

"उपाशी मारून राह्यलो तिले," ते कुजबुजले. मला वाटलं ताईंबद्दल बोलतात. मग कळलं, गाठीबद्दल. "साखरेवर जगते ना? साखरच बंद. सुईतून साखरेसारखं औषध देऊन फोटो काढते तवा गाठच चमकते, माहीत हाय ना तुमाले? एवढी हावरट हाय ते. मंग कापाकापीची गरजच काय?"

आता कळलं. एवढं सगळं शास्त्र त्या कापाकापीच्या भीतीपोटी चाललं होतं. विंचू चिमट्यात धरून पोरांना दाखवणारा हा माणूस घाबरला होता, आणि घाबरणं कसं असतं याचा त्याला सरावच नव्हता. ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गाठ वाळन तवा वाळन, हे त्याच्या पहिले वाळून चालले."

मी वाद घातला नाही. त्यांच्याशी वादात कुणी जिंकलेलं नाही. तपासणीची तारीख होतीच. धरून अकोल्याला नेलं. सर्जन बाईंनी वजन पाहिलं, रक्ताचे आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"सर, तुम्ही जेवत नाही?"

साडभाऊंनी आपला सिद्धांत मांडला. बाईंनी तो सगळा ऐकून घेतला, हे त्यांचे थोर उपकार. मग म्हणाल्या, "गाठ साखर जास्त ओढते, हे खरं. पण तुम्ही साखर खाल्ली नाही, तर शरीर काय करतं?"

 साडभाऊ खाली मान घालून, वर्गात पकडलेल्या पोरासारखे म्हणाले, "यकृत तयार करते. गरज पडली तर अंगातलं मांस मोडून तयार करते."

"मग आधी कोण उपाशी मरेल? ती की तुम्ही?"

"मी," साडभाऊ म्हणाले. "बारावीले मीच शिकवत होतो हे." मग त्यांनी मान वर केली. "अन् बाई, उपासानं समजा काही पेशी मेल्याच, तर ज्या कमी खाण्यावर निभावते त्याच उरतीन?"

"तसंही होऊ शकतं. पण जखम भरायला तुमच्या अंगात ताकद उरणार नाही, हे मात्र नक्की. ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. गाठ काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

 मी ताईंकडे पाहिलं, ताई देवाकडे पाहत होत्या. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आणि एकदम साडभाऊ हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "साडभाऊ, वावरात जे कधी करू देल्लं नाही, ते माह्या गालात मी सोताच करून राह्यलो होतो! पहिलवान निवडून राह्यलो होतो!" मग एकदम हसू थांबलं, आणि बारीक आवाजात बाईंना म्हणाले, "मले भेव वाटते हो."

"वाटणारच," बाई म्हणाल्या. "जेवा आणि या."

दवाखान्यासमोरच्या टपरीवर त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि वर दुप्पट साखरेचा चहा घेतला. ताई बाजूला उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि टपरीवाल्याला सांगत होत्या, "अजून एक द्या."

पुढं ताईंनी त्यांना असं खाऊ घातलं, की पोळ्याच्या बैलानं हेवा करावा. अंगावर मांस चढलं. ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढला, खबरदारी म्हणून मानेतल्या गाठीही काढल्या. नाकातून नळी घालून, डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधून पडलेला तो अखंड बोलणारा माणूस पाहिला, आणि मला कॉटच्या पायथ्याशी उभं राहवेना. मी बाहेर जाऊन उगीच नळाखाली तोंड धुतलं.

काढलेल्या भागाची तपासणी होऊन आली त्या दिवशी नळी निघाली होती. सर्जन बाई म्हणाल्या, "कडा स्वच्छ आहेत. मानेतल्या गाठींत काही नाही."

"म्हंजे काय, बाई?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे सगळं निघालं. आता किरणांचे शेक लागणार नाहीत. तपासणीला येत राहायचं आणि तंबाखूकडे बघायचं नाही."

ताईंनी बाईंचे दोन्ही हात धरले. मला इतकं हलकं वाटलं, की मी समोरच्या वॉर्डबॉयला मिठी मारली. तो बिचारा घाबरून म्हणाला, "पोरगा झाला का साहेब?" आणि आमचे साडभाऊ? त्यांनी एक मूठ डोळ्याला लावली आणि दुसऱ्या हातानं हवेत चाक फिरवल्यासारखं केलं. आम्हांला कळेना, बाईंना कळलं. "सूक्ष्मदर्शक? सर, तुम्हांला पाहायचं आहे?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली.

खाली तपासणीच्या खोलीत त्यांना नेऊन बसवलं. काचपट्टी आधीच लावून ठेवली होती. साडभाऊ डोळा लावून बसले ते हलेचनात. मग जड जिभेनं, तोंड जेमतेम उघडत, एकेक शब्द बाहेर आला. "किती वेगवेगळ्या हाईत. एकीसारखी एक नाही." तिथल्या डॉक्टरांनी पट्टी हळूच सरकवली आणि कडेचा भाग दाखवला. "इथं संपल्या सर. हे सगळं चांगलं." साडभाऊंनी पुन्हा डोळा लावला.  "माह्याच हाईत हो," ते म्हणाले. "माह्यातूनच झाल्या. जगायचंच पाहून राह्यल्या होत्या बिचाऱ्या. पण मलेबी जगा लागते ना." आणि त्यांनी खुर्ची मागे सारली.

याला आता बरेच महिने झाले. तपासण्या चांगल्या येतात. तोंड दोन बोटांएवढंच उघडतं, शब्द जाड येतात, आणि चार वाक्यांनंतर जबडा थकतो. परवाही आम्ही अकोल्याला जाऊन आलो. बाई म्हणाल्या, सगळं उत्तम. परतीच्या गाडीत खिडकीशी ते आणि शेजारी मी. शांतता मला सोसवेना, म्हणून मी आपली आमच्या पोस्टातल्या हेडपोस्टमास्तरची एक गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट साधीच होती, लांबत गेली. साडभाऊ माझ्याकडे तोंड करून ऐकत होते. कुठं हसायचं तिथं हसले, कुठं मान हलवायची तिथं हलवली. इतक्या वर्षांत माझी एखादी गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली, ती ही पहिलीच. संपल्यावर म्हणाले, "मस्त."

बाहेर कपाशीची शेतं मागं पळत होती. माणूस शेजारी धडधाकट बसला होता, मला आणखी काय हवं होतं? तरी सांगून टाकतो: गोष्ट सांगत होतो तेवढा वेळ मी मनातून वाट पाहत होतो, की यांनी आता मध्येच मला तोडावं, आणि माझ्या त्या हेडपोस्टमास्तरला एकदाचा माकडापर्यंत नेऊन पोचवावा.