शांतवनच्या रिक्षातली पुढची सीट

छावणीतला आमचा शांतवन पारधे शेअर रिक्षा चालवतो. इथं ड्रायव्हरशेजारीही प्रवासी कोंबतात, पण हा ती जागा रिकामीच ठेवतो. "तिथं प्रभू बसलाय," म्हणतो. दिवसभर त्याच्याशी गप्पा मारतो, सिग्नल तोडला की तिकडं वळून माफी मागतो. वेडाच आहे!

गेल्या रविवारी पाळकसाहेबांना चर्चला उशीर झाला. रिक्षा मागं गच्च भरली होती. ते पुढं बसायला लागले, तर हा म्हणाला, "साहेब, मग प्रभूला उतरवू का?"

बिचारे पायी आले. धाप लागल्यामुळं नेहमीचा लांबलचक उपदेश पाच मिनिटांत आटोपला. मंडळी लई खूश!

बाहेर येऊन शांतवन रिकाम्या सीटला हळूच म्हणाला, "प्रभू, पुढच्या रविवारीबी हलू नको."