महिपतीच्या सात मात्रा

तुंगार्लीच्या तळ्याखाली जमनादास शेठचा बंगला होता आणि महिपती त्याचा राखणदार. मागच्या बाजूला दोन खोल्या, वीज, नळ, दोन्ही पोरं लोणावळ्याच्या शाळेत. त्याच्या गावचे, आंबीचे लोक म्हणायचे, नशीब काढलं बेट्यानं. नशिबाला अट एकच होती. बंगला एक रात्रही राखणदाराविना ठेवायचा नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नात महिपतीने अक्षता टाकल्या आणि पहिली पंगत उठायच्या आत तळेगावहून लोणावळ्याची गाडी धरली. नोकरी सोडावी, तर आंबीतली जमीन तिघा भावांत वाटून हाती काय येणार, हे त्याला न विचारताही सगळे सांगायचे. अशी अकरा वर्षं गेली.

बाकी सगळं त्याने गिळलं, भजन मात्र गिळलं गेलं नाही. आंबीच्या भजनी मंडळात तो पखवाजवाला होता, आणि चांगला होता. पण भजन उभं राहणार रात्री, सरणार पहाटे. रात्र म्हटली की महिपती बाद. पखवाज त्याने धाकट्या भावाकडे ठेवला होता. भाऊ तो खुंटीवरून काढतसुद्धा नसे.

त्र्याहत्तर साली शेठचा मुलगा केतन मुंबईच्या कॉलेजातल्या मित्रांना घेऊन दर शनिवारी येऊ लागला. पोरांचे केस खांद्यापर्यंत आणि बगलेत विलायती तबकड्या. महिपतीला आधी तो निव्वळ गोंगाट वाटला. मग एका दुपारी दिवाणखान्याच्या काचा पुसता पुसता त्याने एक तबकडी पहिल्यापासून ऐकली आणि त्याचा हात थांबला. हे तीन मिनिटांचं गाणं नव्हतंच. एक अख्खी बाजू एकच रचना. सुरुवातीला पेटीसारखं काहीतरी लांब, संथ सूर धरून बसलं, म्हणजे हे नमन. मग गिटार एक चाल गाऊ लागली, माणसाने गावं तशी. मग ढोल, मग पन्नास सारंग्या एकदम उठाव्यात तसा कल्लोळ, आणि सगळं शांत होऊन एकटी बासरी. वाट चुकली म्हणावं, तोवर पहिली चाल परत दारात उभी, आता भरल्या अंगाची. भजनात कितीही आळवलं तरी ध्रुपदावर यायचं असतं, ते या गोऱ्यांना कुणी शिकवलं, हे काही त्याला कळेना. आंबीची अख्खी रात्र कुणीतरी वीस मिनिटांत आणि भरदुपारी त्याच्यापुढे ठेवली होती. त्याला रडूच आलं. काच मात्र त्या दिवशी लख्ख निघाली.

तेव्हापासून शनिवारची वाट केतनपेक्षा महिपती जास्त पाहू लागला.

बासरीच्या जागी ठेका बदलायचा, आणि नेमकी तिथेच पोरं घसरायची. त्यांचा स्वतःचा बँड होता, डिसेंबरात कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांना हीच रचना वाजवायची होती. चौघे टाळ्या देत मोजायचे आणि चौघांच्या टाळ्या चार ठिकाणी पडायच्या. एकदा चहाचे कप गोळा करायला आलेल्या महिपतीची बोटं ट्रेवर आपसूक चालू लागली. तीं तीं ना, धीं ना, धीं ना.

केतनने वळून पाहिलं. "महिपतीभाऊ, हे काय वाजवलंत?"

"रूपक हाय की. सात मात्रा. तुमी आठ धरताय, मग हात पडतोय."

महिन्याभरात पखवाज आंबीहून आला. पोरं वाजवायची, महिपती साथ करायचा, आणि एके दिवशी केतन म्हणाला, "डिसेंबरात तुम्ही आमच्याबरोबर स्टेजवर बसायचं." महिपतीने बायकोला हे तीनदा सांगितलं. नंदाबाईने ट्रंकेतला फेटा काढून धुतला.

शेठ नाही म्हणाले. नंदाबाई म्हणाली, "एका रातीचं काय, मी ऱ्हाते की." शेठ म्हणाले, बाईमाणसाच्या भरवशावर बंगला? विषय संपला.

पुढच्या शनिवारी केतन टेपरेकॉर्डर घेऊन आला. "तुमचा पखवाज फितीवर घेतो. हॉलमध्ये फीत लावू आणि तिच्याबरोबर आम्ही वाजवू. नाहीच जमलं, तर मी पप्पांशी भांडेन आणि तुम्हाला गाडीत घालून नेईन. शब्द देतो."

पोरगा खोटं बोलणारा नव्हता. महिपती मागच्या खोलीत आला आणि नंदाबाईला हळूच म्हणाला, "चुकतो. दर बारीला एक मात्रा खातो."

"बेतानं खा," ती म्हणाली. "संशय येईल."

त्याने पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली, सूर मिळवला आणि मांडी घातली. तबकडी सुरू झाली, फीत फिरू लागली. नंदाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला ताल फारसा कळत नव्हता, पण नवऱ्याचा हात अडखळला तर तो तिला नक्की कळला असता. नमन गेलं, कल्लोळ उठला, बसला. बासरी आली. पखवाज सात-सात मात्रा टाकत तिच्याबरोबर चालला, समेवर येत राहिला, आणि पहिली चाल परतली तेव्हा थाप अशी पडली की पोरं ओरडलीच.

केतनने त्याला मिठी मारली. "एक नंबर! आता तुम्हाला यायची गरजच नाही."

आनंदाने बोलला बिचारा. फीत डब्यात घातली आणि संध्याकाळच्या आत गाडी मुंबईला गेलीसुद्धा.

नंदाबाईने चूल पेटवली, भाकरीचं पीठ मळलं. मग तिने विचारलं, "चुकायचं ठरलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मंग?"

"तितं बासरी एकटीच आसती गं," महिपती म्हणाला. "मी हात काढला तर ती पडंल. लय बघितलं करून. मला न्हाई पाडवली."